आठाने भागायचे की दहाने?

इस्रो आणि नासा यांचा संयुक्त उपग्रह ‘निसार’ ३० जुलै २०२५ रोजी श्रीहरिकोट्याहून अवकाशात गेला, तेव्हा त्याच्याविषयीच्या अनेक वृत्तांतांत एक आकडा आवर्जून दिलेला होता. उपग्रहाने पाठवलेल्या संकेतांवर प्रक्रिया झाल्यावर दररोज सुमारे ८० टेराबाइट विदा, म्हणजे आपला नेहमीचा डेटा, तयार होणार. आकडा मोठा आहे एवढे वाचकाला कळले. किती मोठा, हे मात्र कळले नाही, कारण त्याच्या घरातल्या किंवा प्रयोगशाळेतल्या कोणत्याही वस्तूवर ‘दिवसाला इतके टेराबाइट’ असे लिहिलेले नसते.

दिवसाचे सेकंद ८६,४००. भागाकार केला की सेकंदाला सुमारे ९२६ मेगाबाइट येतात. त्याच गोष्टीला बिटांत मोजले तर ७.४ गिगाबिट. आता आपल्या टेबलावरच्या संगणकात डिस्क जोडणारी जी साटा वायर असते, तिच्यावर ६ गिगाबिट असे लिहिलेले असते. सहा आणि सात-साडेसात! वाटते, थोडक्यासाठी राहिले. प्रत्यक्षात त्या वायरीतून सेकंदाला जास्तीत जास्त ६०० मेगाबाइट जातात. निसारची विदा वाहायला अशा दोन वायरी लागतील आणि त्यांना चोवीस तास श्वास घ्यायलाही उसंत मिळणार नाही. ६ गिगाबिटांचे ६०० मेगाबाइट कसे झाले, आठाने भागून ७५० का आले नाहीत, हा प्रश्न ज्यांच्या मनात उमटला त्यांच्यासाठी, आणि ज्यांच्या मनात उमटला नाही त्यांच्यासाठी तर विशेष करून, हे लेखन.

विज्ञानवार्तांमधली आणि आपल्या संस्थांच्या कागदपत्रांतली एककांची ही सरमिसळ किरकोळ आहे, असे मानणाऱ्यांपैकी मीही होतो. काही वर्षांपूर्वी एका विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात मी एका छोट्या समितीवर होतो. विभागाची इमारत दुरुस्तीसाठी रिकामी करायची होती. एका कपाटात दोन-दोन टेराबाइटच्या सहा बाह्य हार्ड डिस्क होत्या. त्यांत अनेक हंगामांची क्षेत्रकार्याची छायाचित्रे आणि चित्रफिती होत्या, आणि त्यांची दुसरी प्रत कुठेही नव्हती. एकूण १२ टेराबाइट. ठरले असे, की खोली ठेकेदाराच्या ताब्यात देण्यापूर्वी सगळे नव्या साठवणीवर उतरवून घ्यायचे. डिस्कच्या खोक्यावर यूएसबी २.० आणि ४८० हा आकडा होता. एका सदस्याने कागदावर गणित मांडले: १२ टेराबाइट भागिले ४८०, म्हणजे २५,००० सेकंद, म्हणजे सात तास. शनिवारी सकाळी दहाला सुरू केले की संध्याकाळी पाचला मोकळे. आम्ही सर्वांनी माना डोलावल्या. मीही.

ते ४८० मेगाबिट होते. आठाने भागल्यावर ६० मेगाबाइट होतात, आणि यूएसबी २.० च्या संभाषणाचा स्वतःचा खर्च वजा जाता हातात साधारण ३५ उरतात. या वेगाने १२ टेराबाइट उतरायला ९५ तास लागतात. एका डिस्कला जवळजवळ सोळा तास. सोमवारी सकाळी दहा वाजता ठेकेदाराची माणसे दारात उभी राहिली तेव्हा सहापैकी तीन डिस्क झाल्या होत्या. उरलेल्या तीन पुठ्ठ्याच्या खोक्यात भरून टेम्पोने दुसऱ्या इमारतीत गेल्या. त्यांतली एक पुन्हा फिरलीच नाही.

त्या डिस्कवर एका जांभ्याच्या सड्यावरच्या दोन पावसाळ्यांची छायाचित्रे होती. तो सडा आता खाणीने खाल्ला आहे. पुन्हा जाऊन टिपावे असे तिथे काही उरलेले नाही.

मला खरी टोचणी लागली ती नंतर, शांतपणे हिशेब केला तेव्हा. त्या खोक्यांच्या आतल्या डिस्क साध्या साटा डिस्क होत्या. खोके उघडून त्या थेट संगणकाला जोडल्या असत्या तर डिस्कच्या स्वतःच्या वेगाने, सेकंदाला सरासरी शंभर मेगाबाइटच्या आसपास, काम चालले असते. म्हणजे सुमारे ३३ तास. शनिवारी दहाला सुरू केलेले काम रविवारी संध्याकाळी सातच्या सुमारास संपले असते. यासाठी पैसे लागत नव्हते, परवानगी लागत नव्हती. लागत होता एक पेचकस आणि शुक्रवारी केलेला एक भागाकार.

आता त्या भागाकाराकडे वळू, कारण तो दिसतो तितका सरळ नाही, आणि न समजणारा माणूस दरवेळी मूर्ख असतो असेही नाही.

जुन्या यंत्रांचे वेग बहुधा बाइटमध्ये सांगितले जात, नव्या यंत्रांचे बिटांमध्ये सांगितले जातात. याला विक्रेत्यांची लबाडी एवढेच कारण नाही, जरी मोठा आकडा छापायला कोणालाही आवडतो. मूळ कारण तारांच्या रचनेत आहे. जुन्या जोडण्या समांतर होत्या. स्कझी या जोडणीच्या पहिल्या पिढीत विदेसाठी आठ तारा शेजारीशेजारी असत आणि एका ठोक्याला आठही तारांवरून एकेक बिट जाई. एका ठोक्याला एक बाइट. सेकंदाला पन्नास लाख ठोके, म्हणजे ५ मेगाबाइट. तिथे बाइट हेच नैसर्गिक माप होते. बिटांत सांगणे म्हणजे पायलीने मोजलेले धान्य दाणे मोजून सांगण्यासारखे झाले असते. पुढे ठोके दुप्पट झाले, ‘फास्ट’ स्कझी आली, १० मेगाबाइट. तारा आठाच्या सोळा झाल्या, ‘वाइड’ आली, २०. असे वाढत वाढत अल्ट्रा-३२० पर्यंत पोचले, आणि ते ३२० हे मेगाबाइटच होते. आपल्या जुन्या संगणकांतल्या चपट्या, रुंद वायरींचेही तसेच: एटीए-१३३ मधले १३३ हे मेगाबाइट.

त्याहून जुन्या चुंबकीय टेपांची तर गंमतच. नऊ पट्ट्यांच्या टेपेवर ६२५० बीपीआय असे लिहिलेले असे, म्हणजे इंचाला ६२५० बिट. पण नऊ पट्टे एकाच वेळी वाचले जात, आठ विदेचे आणि एक पडताळणीचा. म्हणून इंचाला प्रत्यक्षात ६२५० बाइट मिळत. लेबलावर बिट, हातात बाइट! टेप सेकंदाला १२५ इंच धावली तर ७,८१,२५० बाइट. आजच्या भाषेत पाऊण मेगाबाइटपेक्षा थोडे अधिक.

२००० नंतर चित्र पालटले. ठोके इतके जलद झाले की शेजारच्या तारांवरचे बिट एकाच क्षणी पोचेनात. तेव्हा अभियंत्यांनी तारांचा जुडगा सोडला आणि एकाच जोडीवरून एकामागून एक बिट अतिवेगाने धाडायला सुरुवात केली. इथे नैसर्गिक माप बिट हे झाले. २००३ मध्ये साटा बाजारात आली ती १.५ गिगाबिट म्हणून. पण एकामागून एक येणाऱ्या बिटांत सलग शून्येच आली तर घेणाऱ्याचा ताल चुकतो. म्हणून विडमर आणि फ्रानास्झेक या आयबीएमच्या दोन संशोधकांनी १९८३ मध्ये मांडलेली एक युक्ती वापरली गेली: दर आठ बिटांऐवजी निवडक दहा बिट पाठवायचे. वरचे दोन म्हणजे वाटखर्च. त्यामुळे वायरीवरच्या बिटांना आठाने नव्हे, दहाने भागायचे. १.५ गिगाबिटांचे १५० मेगाबाइट, तिनाचे ३००, सहाचे ६००. लेखाच्या आरंभीच्या कोड्याचे उत्तर हे.

मग सरसकट दहाने भागावे का? तेही नाही. यूएसबी ३.० चे ५ गिगाबिट दहाने भागायचे, ५०० मेगाबाइट. यूएसबी २.० चे ४८० मात्र आठाने, आणि वर संभाषणाचा खर्च. आधुनिक एनव्हीएमई डिस्क ज्या पीसीआय एक्सप्रेस जोडणीवर बसतात, तिच्या तिसऱ्या पिढीपासून दर १२८ बिटांमागे फक्त दोन बिटांचा वाटखर्च आहे. तिथे एका मार्गिकेचे ८ गिगाट्रान्स्फर म्हणजे सुमारे ९८५ मेगाबाइट, जवळजवळ आठानेच भागाकार. आणि सर्व्हरमधल्या ज्या नव्या जोडणीला ‘२४जी’ म्हणून विकले जाते, तिच्या तारेवरचा वेग मुळात २२.५ गिगाबिट आहे आणि तिच्यातून २,४०० मेगाबाइट जातात. यात तर्क शोधू नये. एकेका पिढीचा एकेक करार आहे, तो पाठच करावा लागतो.

आपल्या आजोबांच्या पिढीला असे पाठ करण्याची सवय होती. पावकी, निमकी, दीडकी तोंडपाठ असे. १ एप्रिल १९५७ रोजी देशात दशमान नाणी आली तेव्हा एका रुपयाचे १६ आणे आणि ६४ पैसे जाऊन १०० नवे पैसे झाले. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे, आणि सव्वासहाचे नाणे तर नव्हते. म्हणून रूपांतराची अधिकृत कोष्टके तयार झाली, आणि कितीतरी वर्षे त्या नाण्यांवर ‘नये पैसे’ असे वेगळेपण कोरलेले राहिले. जुने आणि नवे यांची गल्लत होऊ नये ही काळजी तेव्हाच्या राज्यकर्त्यांनी चार आण्यांच्या व्यवहारासाठीही घेतली. आज कोट्यवधी रुपयांची साठवण विकत घेणाऱ्या निविदेत ‘एमबीपीएस’ असे लिहितात आणि त्यातला ‘बी’ बिटाचा की बाइटाचा हे कोणी विचारत नाही.

हजार आणि १०२४ यांचा घोळ आणखी वेगळा. त्यात फार शिरत नाही. एक टेराबाइटची डिस्क संगणकाला जोडल्यावर ९३१ दिसते ती याच घोळामुळे, कोणी काही चोरलेले नसते. ज्यांनी फ्लॉपी वापरल्या त्यांच्यासाठी एवढेच सांगतो, की त्यांची सुप्रसिद्ध १.४४ मेगाबाइट ही क्षमता कोणत्याच मापात बसत नाही. ती आहे १४,७४,५६० बाइट, म्हणजे १.४४ गुणिले १००० गुणिले १०२४. एक गुणाकार इंग्रजी वजनाने, दुसरा देशी मापाने केल्यासारखा हा प्रकार पंधरा-वीस वर्षे सगळ्या जगाने निमूट चालवून घेतला.

एककांचा हा घोळ देशाच्या पातळीवर का महत्त्वाचा, यासाठी आपल्याच अवकाश कार्यक्रमातले एक उदाहरण घेऊ. २८ डिसेंबर १९९५ रोजी बैकानूरहून आयआरएस-१सी हा दूरसंवेदन उपग्रह गेला. त्याच्या कृष्णधवल कॅमेऱ्याची विभेदनक्षमता ५.८ मीटर होती. नागरी उपयोगाच्या उपग्रहांत ती त्या काळी जगात अग्रगण्य होती. त्या कॅमेऱ्याची विदा सेकंदाला सुमारे ८५ मेगाबिट या वेगाने जमिनीवर येई. जमिनीवरच्या केंद्रात ती उच्च घनतेच्या खास टेपांवर उतरवत, पण तुलनेसाठी समजा, की ती त्या काळच्या फास्ट स्कझीच्या साध्या डिस्ककडे वळवायची आहे. एकीकडे ८५, दुसरीकडे १०. पाहणारा म्हणेल, डिस्कची आठपट हार. रूपांतर केले की कळते, ८५ मेगाबिट म्हणजे १०.६ मेगाबाइट. हार झालीच, पण अगदी काठावरची. तारा सोळा केल्या असत्या तर तीच डिस्कजोडणी उपग्रहाच्या पुढे गेली असती. (प्रत्यक्ष डिस्कची तबकडी त्या वेगाने लिहू शकली असती का, हा वेगळा प्रश्न.) ‘आठपट अपुरे’ आणि ‘सहा टक्क्यांनी अपुरे’ या दोन निष्कर्षांतून दोन अगदी वेगळ्या खरेद्या निघतात.

उलट दिशेची चूकही होते आणि ती अधिक घातक ठरते. अल्ट्रा-३२० स्कझीचे ३२० हे मेगाबिट समजून आठाने भागले की ४० येतात. ‘एवढा मंद सर्व्हर ठेवायचा कशाला?’ मी ज्या समितीवर होतो तिनेच एक जुना सर्व्हर असा हिशेब करून भंगारात काढला. तो मंद नव्हता. त्याची जोडणी पहिल्या पिढीच्या साटाच्या दुपटीहून वेगवान होती, जरी आतल्या एकेका डिस्कला त्या वेगाच्या निम्माही गाठता येत नसे. पण मुद्दा वेगाचाही नव्हता. विभागाकडे त्याच जोडणीच्या आणखी काही सुट्या डिस्क होत्या, आणि त्या वाचू शकणारे आवारातले एकमेव यंत्र तेच होते.

अभियंता मित्र यावर म्हणतात, तारेचा वेग बिटांतच सांगणे शास्त्रशुद्ध आहे, तुम्ही उगाच बाइटचा हट्ट धरता. त्यांचे म्हणणे बरोबर आहे आणि माझा हट्ट तो नाहीच. रस्त्याची रुंदी फुटांत सांगा, हरकत नाही. पण गावाला कधी पोचणार हे विचारल्यावरही रुंदीच सांगितली तर वैतागच येणार. २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात किमान वेग २५६ किलोबिट होता, जानेवारी २०२३ पासून तो २ मेगाबिट आहे. दोन मेगाबिट म्हणजे सेकंदाला २५० किलोबाइट. १९८० साली आलेल्या एसटी-५०६ या पाच मेगाबाइट क्षमतेच्या हार्ड डिस्कचा जोडणीवेग ५ मेगाबिट होता. आखणी वजा जाता तबकडीवरून ५२२ किलोबाइट निघत. देशव्यापी जोडणीची आणि खोक्यातल्या डिस्कची तुलना तंतोतंत न्याय्य नाही हे मान्य, पण ब्रॉडबँडची आपली कायदेशीर व्याख्या तिच्याहून त्रेचाळीस वर्षे जुन्या डिस्कच्या निम्म्या वेगाची आहे, हे एकाच एककात लिहिल्याशिवाय कोणाच्या लक्षातही येत नाही.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. विज्ञानसंस्थांच्या प्रसिद्धिपत्रकांत, निविदांत आणि त्यांवरून होणाऱ्या बातम्यांत विदेचा वेग जिथे येईल, तिथे शेजारी दोन गोष्टी लिहाव्यात: सलग टिकणारा वेग सेकंदाला किती बाइट, आणि अमुक एवढी विदा हलवायला किती तास. तासांत खोटे बोलणे अवघड असते. एलटीओ-९ या टेपेच्या वेष्टनावर ४५ टेराबाइट असे ठळक असते, पण ते विदा अडीचपट दाबली जाईल या गृहीतकावर. आधीच दाबलेली छायाचित्रे आणखी दबत नाहीत, त्यांच्यासाठी ती टेप १८ टेराबाइटचीच. सेकंदाला ४०० मेगाबाइटने ती भरायला साडेबारा तास लागतात. ‘साडेबारा तासांत १८ टेराबाइट’ असे लिहिले की समितीतल्या इतिहासाच्या प्राध्यापकालाही खरेदीवर प्रश्न विचारता येतो, आणि त्याने तो विचारलाच पाहिजे.

तासांचा हिशेब आणखी एक गोष्ट उघड करतो. ६२५० बीपीआयच्या २,४०० फुटी टेपेवर फार तर १८० मेगाबाइट मावत, आणि ती पूर्ण वाचायला चार मिनिटेही लागत नाहीत. अशा हजार टेपांतली सगळी विदा आज २५६ गिगाबाइटच्या पेनड्राइव्हमध्ये, म्हणजे सदऱ्याच्या खिशात, बसेल. वाचनाचे निव्वळ तास चौसष्ट. मग जुन्या टेपांची कामे वर्षानुवर्षे का रेंगाळतात? कारण टेप चढवणे, पुसणे, चिकटलेली असेल तर सोडवणे, लेबल वाचणे हे सगळे माणसाच्या हाताने होते, आणि चालू स्थितीतले वाचनयंत्र शोधण्यातच हंगाम निघून जातो. तिथे महागडी वेगवान साठवण घेऊन एक तासही वाचत नाही. तो पैसा दोन तंत्रज्ञांच्या पगाराला आणि एका जुन्या यंत्राच्या दुरुस्तीला द्यावा. हे वेगाच्या आकड्यांकडे पाहून कधीच सुचत नाही. तासांची बेरीज केली की लगेच दिसते.

पुढे तर आकडे आणखी फुगणार आहेत. पुण्याच्या राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्राच्या पुढाकाराने भारत ज्या ‘स्क्वेअर किलोमीटर अ‍ॅरे’ या दुर्बीणप्रकल्पात सहभागी आहे, त्याच्या संग्रहात वर्षाला सुमारे ७०० पेटाबाइट विदा जमा होईल असा अंदाज आहे. सेकंदाला २२ गिगाबाइट, अहोरात्र. त्याची बातमी लिहिणाऱ्याने हा भागाकार वाचकावर सोडू नये.

त्या विभागातल्या उरलेल्या पाच डिस्कच्या आता दोन-दोन प्रती आहेत. नव्या खोलीतल्या कपाटात त्या उभ्या ठेवल्या आहेत आणि प्रत्येकीच्या पाठीवर कागदाची पट्टी चिकटवली आहे. तिच्यावर कंपनीचे नाव नाही, जोडणीची पिढी नाही. पेन्सिलीने एवढेच लिहिले आहे: ‘पूर्ण उतरवायला साडेपाच तास, खोके उघडून. खोक्यासकट सोळा.’ सहावी डिस्कही तिथेच आहे. तिच्या पट्टीवर सड्याचे नाव आणि दोन पावसाळ्यांची साले आहेत. तासांची जागा आम्ही कोरी ठेवली आहे.